प्रजेच्या सुखाचा आकडा

एखाद्या नगरातील लोक सुखी आहेत की नाहीत, हे त्या नगरात पाऊलही न टाकता सांगता येईल काय? धान्य किती पिकले ते सांगता येते. मुले किती जन्मली, विहिरी किती आटल्या, हेही मोजता येते. सुखाला मात्र ना एकक आहे, ना मापनयंत्र. तरीसुद्धा गेल्या साठ वर्षांत काही माणसांना हा आकडा काढावाच लागला. ही माणसे तत्त्वज्ञ नव्हती आणि समाजशास्त्रज्ञही नव्हती. ती संगणकावरील राज्यकारभाराचे खेळ रचत होती. खेळात राजा व्हायचे तर प्रजा हवी. प्रजा आली की तिची खुशी-नाराजी आली. आणि संगणकाला तर आकड्याखेरीज दुसरे काही कळत नाही. मग ही नाराजी आकड्यात बसवायची कशी? या एका प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. शिक्षकांनी तो वाचावा याला आणखी एक कारण आहे : या इतिहासाची सुरुवातच एका शिक्षिकेने केली.

प्रश्न अर्थातच त्याहून जुना. जेरेमी बेन्थॅम या इंग्रज विचारवंताने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुखाच्या मोजणीसाठी सात कसोट्या सांगितल्या होत्या : सुखाची तीव्रता, त्याचा काळ, त्याची खात्री, ते किती लवकर मिळणार, त्यातून आणखी सुख उपजेल काय, त्यात दुःखाची भेसळ किती आणि ते किती जणांपर्यंत पोचेल. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८१ साली तापमापकासारख्या एका काल्पनिक सुखमापकाची कल्पना मांडली. दोघांचेही हिशेब कागदावरच राहिले. ते चालवून दाखवण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. खेळ रचणाऱ्यावर ती असते, कारण आज्ञावलीत एक जागा रिकामी राहिली तर खेळ पुढे सरकतच नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात वेस्टचेस्टर नावाचा परगणा आहे. तेथील शिक्षण मंडळ आणि आय.बी.एम. ही संगणक कंपनी यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत शाळांसाठी संगणकी खेळ बनवण्याचा प्रयोग केला. त्यातला एक खेळ लिहिण्याचे काम मेबल अ‍ॅडिस या चौथीच्या वर्गशिक्षिकेकडे आले. विल्यम मॅके या आज्ञावलीकाराच्या मदतीने १९६४ साली तिने ‘द सुमेरियन गेम’ तयार केला. काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३५००, स्थळ मेसोपोटेमियातील लगाश हे नगर, आणि सहावीत शिकणारे मूल हे त्या नगराचे राजे. पडदा नव्हता, चित्र नव्हते. टंकलेखन यंत्रासारखे एक यंत्र दूरच्या अवाढव्य संगणकाला जोडलेले असे. यंत्र कागदावर छापून सांगे : महाराज, यंदा इतके धान्य आले, कोठारात इतके आहे, प्रजा इतकी आहे. आता किती खायला द्यायचे, किती पेरायचे आणि किती राखून ठेवायचे? मुलाने आकडे टंकित करायचे आणि पुढच्या हंगामाची वाट पाहायची.

येथे सुखाचा आकडा नाही. पण सुखाची सावली आहे, ती म्हणजे लोकसंख्या. पोट भरले तर माणसे टिकतात, वाढतात. नाही भरले तर कमी होतात. प्रजेचे मन जाणून घेण्याचा सर्वांत प्राथमिक मार्ग हाच : ती जिवंत आहे की नाही ते पाहा. अ‍ॅडिसबाईंचा हेतू प्राचीन अर्थव्यवस्था शिकवण्याचा होता आणि त्यासाठी तेवढे पुरेसे होते.

या खेळाची हकिगत ऐकून डग डायमेंट या आज्ञावलीकाराने १९६८ साली डी.ई.सी. कंपनीच्या छोट्या संगणकासाठी त्याची एक आटोपशीर आवृत्ती लिहिली. पुढे त्याच कंपनीच्या शिक्षण विभागातील डेव्हिड अ‍ॅल यांनी ती बेसिक या भाषेत आणून १९७३ साली आपल्या खेळांच्या पुस्तकात छापली. नाव पडले ‘हमुराबी’. (खरा हम्मुराबी बाबिलोनचा आणि लगाशच्या त्या काळानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी झालेला, पण आज्ञावलीकारांनी इतिहासाचा पेपर कधी दिलेला नसावा.) १९७८ साली निघालेल्या या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. घरोघरी येऊ लागलेल्या पहिल्या संगणकांवर असंख्य मुलांनी ही आज्ञावली ओळीओळीने स्वतः टंकित केली. तिच्यात काय होते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

खेळ दहा वर्षांचा. सुरुवातीला १०० माणसे, १००० एकर जमीन आणि कोठारात २८०० बुशेल धान्य. एक बुशेल म्हणजे साधारण ३५ लिटर. माणशी वर्षाला २० बुशेल लागतात; एकरी अर्धा बुशेल बियाणे लागते; एक माणूस फार तर १० एकर कसतो. म्हणजे सर्वांना पोटभर द्यायला २००० बुशेल, सगळी जमीन पेरायला ५००, आणि शिल्लक ३००. पीक एकरी १ ते ५ बुशेल, दैवावर अवलंबून. उंदीर कोठार फस्त करू शकतात; साथ आली तर लोकसंख्या निम्मी होते. जमीन विकत घेता येते, विकता येते, आणि तिचा भाव दरवर्षी बदलतो.

आता भूक कशी मोजली आहे पाहा. खायला दिलेल्या धान्याला २० ने भागायचे. जो पूर्णांक येईल तितकी माणसे जगली आणि बाकीची मेली. १०० माणसांना १९०० बुशेल दिले तर ९५ तुडुंब जेवतात आणि ५ मरतात. सर्वांनी १९-१९ बुशेल वाटून घ्यावे आणि थोडे अर्धपोटी राहावे, ही शक्यताच आज्ञावलीत नाही. दुष्काळाच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या कोणालाही हे खटकेल. अर्धपोटी राहणे, एक वेळ जेवणे, पोरांना आधी वाढणे हीच तर दुष्काळाची खरी रीत. पण अर्धपोटी माणसाला आज्ञावलीत जागा द्यायची तर तो किती काम करील, किती दिवस तग धरील, राजाला किती शिव्या देईल, हे सारे ठरवावे लागले असते.

या खेळात लोकांना स्वतःचे असे एकच मत आहे, आणि ते पायांनी व्यक्त होते. दरवर्षी नगरात नवे लोक येतात. किती, ते असे काढतात : जमिनीच्या एकरांना २० ने गुणायचे, त्यात कोठारातील धान्य मिळवायचे, लोकसंख्येने भागायचे, मग १०० ने भागायचे, १ ते ५ मधील नशिबाने आलेल्या संख्येने गुणायचे आणि शेवटी १ मिळवायचा. सुरुवातीचे आकडे घातले आणि नशिबाची संख्या ३ धरली तर ७.८४ येतात, म्हणजे ७ माणसे. समीकरणाचा अर्थ सरळ आहे : दरडोई जमीन आणि दरडोई धान्य जेथे जास्त, तेथे माणसे जातात. गाव सोडून मुंबईची गाडी धरणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

दहा वर्षे संपली की राजाचा निकाल लागतो. दरवर्षी सरासरी ३ टक्क्यांपेक्षा जास्त माणसे उपाशी मेली नाहीत आणि माणशी किमान १० एकर जमीन राखली, तर वाहवा. सरासरी ३३ टक्क्यांच्या वर गेली किंवा जमीन माणशी ७ एकरांखाली आली, तर हकालपट्टी. एकाच वर्षात ४५ टक्क्यांहून अधिक माणसे उपाशी मारली, तर दहा वर्षे थांबण्याचीही गरज नाही. मधल्या प्रतीच्या राजाला मात्र एक गमतीदार वाक्य ऐकावे लागते : कारभार बरा होता, पण अमुक इतक्या लोकांना तुमचा खून व्हावा असे मनापासून वाटते. हे ‘अमुक इतके’ म्हणजे या घराण्यातील खेळांत छापून आलेला प्रजेच्या नाराजीचा बहुधा पहिला थेट आकडा. तो कसा काढला आहे? लोकसंख्येला ०.८ ने गुणायचे आणि त्याला ० ते १ मधील एका यादृच्छिक संख्येने गुणायचे. बस्स. भुकेचा, जमिनीचा, करांचा तेथे काही संबंध नाही. नाराजांची संख्या फासा टाकून काढली आहे.

याला लबाडी म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. लिहिणाऱ्याला विनोद करायचा होता. पण लाखो मुलांनी तो आकडा वाचला आणि आपल्या कारभाराशी जोडून पाहिला असणार. आकडा समोर आला की त्यामागे मोजणी असेलच, हे आपण गृहीत धरतो. ही सवय फक्त मुलांना असते असेही नाही.

याच सुमारास अमेरिकेत दुसरा एक प्रवाह वाहू लागला होता. जे फॉरेस्टर हे एम.आय.टी.मधील अभियंते. संगणकाच्या स्मृतीवर मूलभूत काम केल्यानंतर ते कारखान्यांच्या आणि पुढे शहरांच्या संगणकी प्रारूपांकडे वळले. बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून १९६९ साली त्यांचे ‘अर्बन डायनॅमिक्स’ हे पुस्तक निघाले. त्यात शहराला ‘आकर्षकता’ नावाची एक राशी होती. घरे, नोकऱ्या, कर यांवरून ती ठरे, आणि ती वाढली की बाहेरून लोक येत. पण लगेच नव्हे; शहर चांगले झाले ही बातमी पसरायला वर्षे लागतात, हा विलंब त्यांनी समीकरणात मुद्दाम घातला होता. हमुराबीतील स्थलांतराच्या समीकरणाचे हे थोरले भावंड म्हणता येईल.

या प्रारूपातून निष्कर्ष निघाला की सरकारने गरिबांसाठी स्वस्त घरे बांधली तर शहराची अवस्था बिघडते. उलट जुन्या वस्त्या पाडून उद्योगांना जागा द्यावी. त्यावर मोठे वादळ उठले. टीकाकारांचा एक मुद्दा बिनतोड होता : प्रारूपातील शहराभोवती अमर्याद, निराकार बाहेरचे जग होते. शहरातून बाहेर पडलेला गरीब माणूस हिशेबातूनच बाहेर पडत होता. त्याचे पुढे काय झाले, हे विचारायला समीकरणात जागा नव्हती. शहराची आकर्षकता वाढली खरी, पण ती कोणासाठी?

फॉरेस्टर यांनी १९७१ साली सबंध जगाचे प्रारूप मांडले. दुसऱ्या वर्षी निघालेल्या ‘लिमिट्स टू ग्रोथ’ या गाजलेल्या अहवालाचे मूळ त्यात आहे. त्यात त्यांनी जीवनमानाचा दर्जा दाखवणारा एक आकडा घेतला आणि १९७० सालच्या परिस्थितीला तो १ असेल असे ठरवले. भौतिक राहणी, गर्दी, अन्न आणि प्रदूषण या चार गोष्टींचे चार गुणक घेऊन त्यांनी त्यांचा गुणाकार केला. बेरीज नव्हे, गुणाकार. फरक किती पडतो पाहा. समजा, अन्नाचा गुणक ०.२ इतका घसरला आणि इतर तिन्ही १.२ झाले. सरासरी काढली तर ०.९५ येते, म्हणजे जवळजवळ पूर्वीसारखेच. गुणाकार केला तर सुमारे ०.३५. बेरजेत एका हाताने काढून घेतलेले दुसऱ्या हाताने भरून देता येते. भाकरी नाही, पण रस्ते गुळगुळीत आहेत. गुणाकारात एक गोष्ट शून्यावर आली की सगळेच शून्य. दोन्हीपैकी खरे कोणते, हे गणित सांगत नाही. ते ठरवणाऱ्याने आधी ठरवलेले असते. आठवी-नववीच्या वर्गात सरासरी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

फॉरेस्टर यांचे शहराचे पुस्तक विल राइट या तरुण आज्ञावलीकाराच्या हाती पडले आणि १९८९ साली ‘सिमसिटी’ हा खेळ बाजारात आला. यात खेळणारा महापौर होतो. रस्ते, वीज, वसाहती, कारखाने यांची आखणी करतो, कर ठरवतो. जिंकणे-हरणे असे काही ठरलेले नाही. वर्षाकाठी शहराचा एक अहवाल येतो आणि त्यात जनमताचा कौल असतो : महापौरांचा कारभार चांगला आहे काय? होय इतके टक्के, नाही इतके टक्के. त्याखाली लोकांच्या तक्रारी, म्हणजे गुन्हे, प्रदूषण, घरांचे भाव, कर, वाहतूक, बेकारी, आगी.

या खेळाची मूळ आज्ञावली २००८ साली, गरीब देशांतील मुलांना स्वस्त संगणक देण्याच्या एका प्रकल्पाच्या निमित्ताने, ‘मायक्रोपोलिस’ या नावाने खुली करण्यात आली. त्यामुळे हा कौल कसा लागतो ते आज कोणालाही वाचता येते. आधी तक्रारींच्या तीव्रतेवरून शहराला ० ते १००० मध्ये गुण देतात. मग १०० काल्पनिक मतदार एकेक करून पुढे येतात. प्रत्येकासाठी संगणक १००० पर्यंतची एक यादृच्छिक संख्या काढतो. ती शहराच्या गुणांपेक्षा लहान असली तर मत ‘होय’. शहराला ७०० गुण असतील तर साधारण ७० होय पडतील, पण कधी ६५ तर कधी ७५ही पडतील. शहर दोन हजारांचे असो की दोन लाखांचे, मतदार शंभरच. त्यांना घर नाही, पत्ता नाही. कारखान्याच्या धुराखाली राहणारा आणि नदीकाठी राहणारा असा भेदच त्यांच्यात नाही. लोकांची मते मिळवून शहराला गुण दिलेले नाहीत, तर गुण आधी देऊन त्यांवरून मते तयार केलेली आहेत. आणि शहरात नवे लोक येतात की नाही, ते या कौलावर ठरत नाही. ते रोजगार, कर अशा गोष्टींवर ठरते. कौल हा नुसता आरसा आहे, तोही फाशांनी थोडा हलवलेला.

तरी त्यात एक सुंदर गोष्ट आहे. दरवर्षीचे गुण काढताना यंदाच्या गुणांची गेल्या वर्षीच्या गुणांशी सरासरी काढतात. नवे शहर ५०० वर आहे आणि आपण कारभार एकदम ९०० गुणांचा केला, असे समजा. पहिल्या वर्षी ७०० मिळतील, मग ८००, मग ८५०, मग ८७५. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि उडायलाही लागतो. एका साध्या सरासरीने प्रजेला स्मृती दिली. विज्ञानात आपण हीच युक्ती मोजमापांतील चढउतार गुळगुळीत करण्यासाठी वापरतो. ती माणसाच्या मनाचेही बरे चित्र काढते, हे मला तरी या आज्ञावलीमुळे सुचले.

दोन वर्षांनी, १९९१ साली, सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ आला. येथे एका नगराऐवजी सबंध संस्कृती इसवी सनापूर्वी ४००० पासून पुढे न्यायची असते. नगराच्या पानावर नागरिकांचे छोटे चेहरे एका ओळीत दिसतात : काही आनंदी, काही समाधानी, काही नाराज. नियम असा की नाराजांची संख्या आनंदींपेक्षा जास्त झाली की नगरात दंगल, आणि दंगल म्हणजे काम बंद, कर बंद. मधल्या अवघडपणाच्या पातळीवर नगरातील पहिले चार नागरिक समाधानी जन्मतात. पाचव्यापासून पुढचा प्रत्येक जण नाराजच जन्मतो.

उदाहरण घेऊ. सात जणांचे नगर : चार समाधानी, तीन नाराज, आनंदी कोणीच नाही. तीन हे शून्यापेक्षा जास्त, म्हणून दंगल. देऊळ बांधले तर एक नाराज समाधानी होतो : पाच आणि दोन. मग राजाने व्यापाराच्या उत्पन्नातून चैनीच्या वस्तूंवर चार एकके खर्च केली. दर दोन एककांमागे एक समाधानी माणूस आनंदी होतो. आता दोन आनंदी, तीन समाधानी, दोन नाराज. दोन हे दोनपेक्षा जास्त नाहीत. नगर शांत.

पाचवा माणूस नाराजच का जन्मावा? मानसशास्त्रात याला आधार नाही. कारण खेळाच्या रचनेत आहे. नगरे वाढली की उत्पन्न वाढते, त्यातून आणखी नगरे होतात. कोठेतरी लगाम हवा, नाहीतर जो पुढे गेला तो पुढेच जात राहील. नाराजी हा तो लगाम. येथे सुखाचा आकडा लोकांविषयी काही सांगण्यासाठी नसून राजाला आवरण्यासाठी आहे. एका दृष्टीने हे हमुराबीच्या विनोदापेक्षा खूपच खरे वाटते, कारण राज्यकर्त्यांना प्रजेच्या सुखाची आठवण इतिहासातही बहुधा अशीच होत आली आहे.

पण याच हिशेबात एक चमत्कारिक ओळ आहे. राजेशाही किंवा हुकूमशाही असेल तर नगरात शिपाई ठेवला की तोही ठरावीक मर्यादेपर्यंत नाराज माणसाला समाधानी करतो. देवळाने झालेला समाधानी आणि बंदुकीने झालेला समाधानी, दोघांचा चेहरा पानावर एकसारखा. लोकशाहीत मात्र बाहेर पाठवलेल्या प्रत्येक फौजेमागे घरी दोन माणसे नाराज होतात, आणि शिपायाचा उपाय चालत नाही. राज्यपद्धतीनुसार नियम बदलण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पण गप्प बसलेला आणि समाधानी असलेला यांत फरक न करणे ही चूक केवळ खेळातली नाही. शांत वर्ग म्हणजे समजलेला वर्ग असे मानणाऱ्या तपासनीसांचा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल.

नंतरच्या खेळांनी या हिशेबात पुष्कळ भर घातली. त्यांतल्या काही गोष्टी चटकन सांगतो. ‘सीझर ३’ (१९९८) मध्ये आपल्या नगरातील मजुरीची तुलना लोक रोममधील मजुरीशी करतात. माणूस आपले सुख शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून ठरवतो, हे निरीक्षण अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली आकडेवारीने मांडले होते. ‘सिव्हिलायझेशन’च्या पाचव्या आवृत्तीत (२०१०) सबंध साम्राज्याचा एकच सुखांक ठेवला होता, रेशीम मिळाले की तो वाढे, पण रेशमाचा दुसरा साठा मिळाला तर वाढ शून्य. घटत्या उपयुक्ततेचा हा अर्थशास्त्रीय नियम इतक्या टोकाला नेलेला क्वचितच पाहायला मिळेल. आणि ‘व्हिक्टोरिया’ (२००३) या एकोणिसाव्या शतकावरील खेळात तर एका आकड्याऐवजी दोन आले : संताप आणि जाणीव. माणूस दुःखी असणे वेगळे, आणि आपल्या दुःखाला कारण आहे हे त्याला कळणे वेगळे. २०१० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत साक्षरता वाढली की जाणीव वाढते. शाळा काढणाऱ्या राजाला याची किंमत मोजावी लागते. महात्मा फुल्यांच्या महाराष्ट्रात यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

ज्या गोष्टीकडे बहुतेक खेळांनी पाठ फिरवली ती म्हणजे सवय. ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली लॉटरी लागलेल्या २२ जणांची इतरांशी तुलना केली. लॉटरीवाले सामान्य माणसांपेक्षा फारसे अधिक सुखी नव्हते, आणि रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद उलट कमीच होता. खेळातील देऊळ मात्र हजार वर्षांनंतरही त्याच माणसाला तितकेच समाधान देत राहते.

प्रत्यक्ष जगातील मोजणी तोवर वेगळ्याच वाटेने गेली होती. हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६५ साली, भारतासह अनेक देशांतील लोकांना विचारून, एका शिडीचा उपयोग केला : तळाशी ० म्हणजे तुमच्या कल्पनेतील सर्वांत वाईट आयुष्य, वर १० म्हणजे सर्वांत चांगले, तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालातील क्रमवारी याच प्रश्नावर उभी आहे. भूतानने आपल्या राष्ट्रीय सुखाच्या निर्देशांकासाठी ९ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक ठरवले, पण तेथेही घरोघरी जाऊन विचारणे आले. खेळाच्या प्रजेला कोणी विचारू शकत नाही. तिला आपण जे वाटायला लावतो तेच वाटते.

यात धोका कोठे आहे, ते शेरी टर्कल या एम.आय.टी.मधील अभ्यासिकेने १९९५ साली आपल्या पुस्तकात दाखवले. सिमसिटी खेळणाऱ्या दहावीच्या एका मुलीने त्यांना आपण शोधून काढलेले उपयुक्त नियम सांगितले. त्यांतला एक असा, की कर वाढवले की दंगली होतातच. टर्कल यांना जाणवले की तो खेळाचा नियम आहे आणि नियम लिहिता येतो तसा बदलताही येतो, हे त्या मुलीच्या गावीच नव्हते. मायक्रोपोलिसची आज्ञावली उघडली तर कराचा परिणाम एका तक्त्यात लिहिलेला सापडतो. सर्वांत सोप्या पातळीवर ७ टक्के कर असेल तर परिणाम शून्य, त्याहून कमी असेल तर वाढीला मदत, जास्त असेल तर अडथळा. सातच का? कोणीतरी सात लिहिले म्हणून. गुरुत्वाकर्षणाचा ९.८ आणि हा ७ पडद्यावर एकाच टंकात दिसतात. पहिला निसर्गाने ठरवला आहे आणि तो कोणीही पुन्हा मोजून पाहू शकतो. दुसरा विल राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या टेबलावर ठरला.

मेबल अ‍ॅडिस २००४ साली निवर्तल्या. खेळ रचणाऱ्यांच्या जगाने त्यांना २०२३ साली मरणोत्तर सन्मान दिला. त्यांचा खेळ वर्गात खेळायला संगणक लागतच नाही, कारण हमुराबीचे सगळे नियम वर आलेच आहेत. फळ्यावर चार रकाने आखावेत : माणसे, जमीन, कोठार, नवे आलेले. बुशेलऐवजी पायली म्हणावे, आकडे तेच ठेवावेत. वर्गाचे पाच-सहा गट करून प्रत्येकाला एक नगर द्यावे. जमिनीचा भाव एकरी १७ ते २६ च्या दरम्यान चिठ्ठ्या टाकून ठरवावा. साथीसाठी निराळा फासा टाकावा आणि १ पडला तर लोकसंख्या निम्मी करावी.

दहा वर्षे खेळून झाली की दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाला एकच काम द्यावे : अर्धपोटी माणसासाठी नियम लिहा. १०० माणसे आणि १९०० पायली असतील तर काय होईल? कोणी म्हणेल, ती कमी एकर कसतील. कोणी म्हणेल, दोन वर्षे सोसतील आणि तिसऱ्या वर्षी गाव सोडतील. कोणी कोठार फोडण्याचा नियम लिहील, आणि मग कोठार राखायला किती माणसे शेतातून काढायची, हा पुढचा प्रश्न येईल. लिहिलेला नियम दुसऱ्या गटाच्या नगरावर चालवून पाहावा, म्हणजे त्यातली भोके दिसतात. पीक ठरवायला साधा सहा बाजूंचा फासा चालतो. फक्त ६ पडला तर तो पुन्हा टाकावा.